मारबत : आधी पूजन, मग दहन

श्रावण अमावास्येचा पोळा सरतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, अवघी नागपूर नगरी रस्त्यावर लोटते. सायंकाळी तान्ह्या पोळ्यात बालगोपाळ लाकडी नंदी सजवून मिरवितात व घरोघरी बोजारा मिळवितात. परंतु त्याआधी निघते ती मारबतींची मिरवणूक.

काळ्या मारबतीची परंपरा इ. स. १८८१ पासूनची, तर पिवळीची १८८५ पासूनची. बांबू व कागद यांपासून घडविलेल्या या भव्य स्त्रीप्रतिमा होत. तेली समाजाची पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतून निघते. नेहरू पुतळ्याजवळ काळी व पिवळी यांची भेट होते, तेव्हा तेथे पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. समवेत असतात बडगे, म्हणजे पुरुषप्रतिमा. महागाई असो वा भ्रष्टाचार, त्या वर्षी लोकांना जे जाचते त्याचा बडग्या होतो. रोगराई, इडापिडा घेऊन जाण्याविषयी मारबतीस गर्जून विनविले जाते व अखेरीस प्रतिमांचे दहन होते.

काळ्या मारबतीचा संबंध लोकपरंपरा भोसले घराण्यातील बांकाबाईंशी जोडते. त्यांनी इंग्रजांना साथ दिली, हा त्यामागील जनरोष. दुसरी श्रद्धा मारबतीस पूतना मानते.

येथे श्रोते आम्हांस विचारतात, 'महाराज, जिला जाळावयाचे, तिची पूजा कशासाठी?' कारण पिवळ्या मारबतीपुढे नवस बोलले जातात, माता तान्ही बाळे तिच्या पायांवर घालतात. याचे उत्तर श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात आहे. पूतना विष पाजावयास आली. तरी तिने स्तन दिला, एवढ्यावरून भगवंतांनी तिला मातेची गती दिली. व्रजवासीयांनी तिचा देह जाळला, तेव्हा धुरास अगुरूचा सुगंध आला, असे व्यास सांगतात. दहन दोषाचे होते. जीवाचा उद्धार होतो.

विदर्भातील अनेक घरांत पोळ्याला दारी पळसाचे मेढे ठेवून दुसऱ्या दिवशी ते गावाबाहेर नेऊन टाकतात. त्यातील भाव ध्यानी घ्यावा. मेढा आपल्याच दारचा असतो, शेजाऱ्याच्या नव्हे. बडग्यावर जगाचे दोष लिहिणे सोपे. त्याच गर्दीत उभे राहून आपला एक मत्सर, एक अबोला मनोमन मारबतीच्या स्वाधीन करणे कठीण. ते ज्यास साधले, त्याच्या घरची इडापिडा खरोखर वेशीबाहेर गेली. मग दहाच दिवसांच्या मुक्कामास येणाऱ्या श्रीगणरायासाठी त्याचे घर आधीच सारवून सज्ज झाले, असे आम्ही समजतो.