वरचा जबडा आणि श्वासाची वाट

रुग्णसाहाय्य निधीकडे वरच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेचा अर्ज आला, की विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : हा खर्च केवळ रूपासाठी तर नाही ना? प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. कित्येक वर्षे मीही मनातल्या मनात हा खर्च त्याच रकान्यात मांडीत असे. आमच्या शल्यचिकित्सकांनी कवटीचा नमुना हाती देऊन समजावले, तेव्हा चूक उमगली.

तोंडाचे छत तीच नाकाची जमीन. त्यामुळे जबडा सरकला की नाकाची पोकळीही बदलते. रने ल फोर या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी १९०१ साली, आघाताने चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर भंगतात, ते मृतदेहांवरील प्रयोगांतून दाखविले. त्यांतील सर्वांत खालच्या, दातांच्या मुळांवरून जाणाऱ्या रेषेच्या आधारेच आज जबडा सोडवून नव्या जागी बसवितात आणि टिटॅनियमच्या पट्ट्यांनी पक्का करतात.

जबडा पुढे आणल्यास नाकपुड्यांचा पाया रुंदावतो. हवेला सर्वाधिक अडथळा होतो तो नाकाच्या पुढच्या अरुंद भागात. म्हणून पुष्कळांना श्वास मोकळा झाल्याचे जाणवते. जबडा वर उचलावयाचा असेल, तर मात्र पोकळीची उंची घटते व नाकाचा मधला पडदा वाकण्याचा संभव असतो. त्यासाठी पडद्याची खालची कड बेताने कमी करावी लागते. सुधारणेची हमी म्हणूनच कोणी देऊ नये. दुभंगलेल्या टाळूची मुले मोठी झाल्यावर या शस्त्रक्रियेसाठी येतात, त्यांच्याबाबत तर जबडा पुढे आल्याने उच्चार अधिक अनुनासिक होण्याचाही धोका असतो. हे पालकांना आधीच सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांसाठी. पहिले काही दिवस सूज व साकळलेले रक्त यांमुळे नाक चोंदते. शस्त्रक्रिया फसली, असे वाटून मध्यरात्री परिचारिकेकडे धावणाऱ्या माता आम्ही पाहिल्या आहेत. धीर धरावा, परंतु डॉक्टरांची अनुमती मिळेपर्यंत रुग्णास नाक शिंकरू देऊ नये, कारण हवा हाडाच्या फटीतून गालात शिरू शकते. श्वास खरोखर कोंडत असल्यास किंवा रक्त वाहत असल्यास मात्र क्षणही न दवडता कळवावे.

अर्जाच्या नमुन्यात आता श्वासाचा एक रकाना वाढविला आहे. तो शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर सहा महिन्यांनी कान-नाक-घसा विभागाने भरावयाचा आहे.