डोळ्यातली हरळी पुन्हा फुटू नये म्हणून



हरळी कशी असते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. शेत नांगरले, काशा वेचून जाळल्या, तरी एखादा तुकडा मातीत राहतो आणि पाऊस पडताच पुन्हा फुटतो. डोळ्याच्या आत होणारा लिम्फोमा नावाचा कर्करोग असाच चिवट आहे. तो फार थोड्यांना होतो, बहुधा पन्नाशी-साठीनंतर. पण ज्याला झाला त्याने उपचार संपल्यावरही गाफील राहू नये, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

या रोगात पांढऱ्या रक्तपेशींपैकी काही बिघडतात आणि डोळ्यातील पारदर्शक गरात व मागच्या पडद्याखाली वाढतात. डोळा बहुधा दुखत नाही, फारसा लालही होत नाही. नजर धूसर होते, डोळ्यांपुढे ठिपके तरंगतात. आपण म्हणतो, मोतीबिंदू असेल. डॉक्टरांनाही आधी साधी सूज वाटू शकते. स्टेरॉइडच्या औषधाने काही दिवस बरे वाटते आणि खरा रोग झाकला जातो. पक्के निदान बहुधा आतील गराचा नमुना काढून होते. मग डोळ्यात मेथोट्रेक्सेटची इंजेक्शने, शिरेतून औषधे किंवा किरणोपचार देतात.

नजर सुधारली की रुग्णाला वाटते, सुटलो! परंतु हा रोग त्याच डोळ्यात, दुसऱ्या डोळ्यात किंवा मेंदूत उलटू शकतो. निम्म्याहून अधिक रुग्णांत तो पुढे मेंदूत आढळतो. म्हणून ठरलेली तपासणी चुकवू नये.

या तपासणीत ओसीटी नावाचे यंत्र मोठी मदत करते. अमेरिकेतील डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र १९९१ साली जगापुढे मांडले. विहीर खणताना माती, मुरूम, खडक असे थर दिसतात ना? ओसीटी तसेच पडद्याचे थर न खणता दाखवते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा बदलही त्यात दिसतो. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. हनुवटी टेकवून काही मिनिटे प्रकाशाकडे पाहायचे, एवढेच.

रोग उलटू लागला की पडद्याच्या तळाशी बारीक उंचवटे किंवा थरांत नव्या चमकदार खुणा दिसू शकतात. कधी कधी रुग्णाला काहीही जाणवण्याआधीच त्या दिसतात. मात्र केवळ चित्रावरून निकाल देता येत नाही. डॉक्टर डोळा तपासतात, मेंदूचा एमआरआय काढतात, गरज पडल्यास पुन्हा नमुना घेतात.

आमचे सांगणे थोडक्यात असे:

१. जुनी चित्रे व कागद जपून ठेवा, प्रत्येक खेपेस सोबत न्या. जुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय नवे कळत नाही.

२. सुगी असो वा उसाची तोड, तपासणीची तारीख पुढे ढकलू नका.

३. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास मोटारसायकल चालवू नका. घरचे कुणीतरी बरोबर न्या.

४. नजर पुन्हा धूसर झाली, डोकेदुखी, विसराळूपणा किंवा हातापायांत अशक्तपणा जाणवला, तर तारखेची वाट पाहू नका.

५. दुकानातून स्वतःच थेंब आणून घालू नका.

१३ डिसेंबरला आपण संत लुसीकडे डोळ्यांसाठी मध्यस्थी मागतो. ती अवश्य मागावी, आणि तपासणीलाही वेळेवर जावे. दृष्टी ही देवाची देणगी आहे. तिची राखण आपल्याकडे सोपवलेली आहे.