मायलेकींची सायकल

एके काळी लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल दिली म्हणजे मानपान झाला असे धरीत. ती सायकल घरात आली की हळदकुंकू लागे, नारळ फुटे. दुधाच्या कॅना, पेंडीचे पोते, दळण आणि दवाखान्याला न्यायचा पेशंट, सगळे तिच्यावरच. पुण्याला तर सायकलींचे शहरच म्हणत. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसला की पोलीस अडवायचा, ही गोष्ट आपल्यातले जुने सभासद आजही रंगवून सांगतात. पुढे फटफट्या आल्या आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिली.

पण जुन्या दिवसांतही सायकल होती ती पुरुषांची. बाई बसली तर मागे कॅरियरवर, तीही एका बाजूला पाय सोडून. हँडल तिच्या हाती कोणी दिले नाही. यंदा विंझरच्या बाजूला आम्ही जे पाहिले ते म्हणूनच सभासद बंधू-भगिनींपुढे मांडावेसे वाटते.

आमची वाडी नसरापूर-वेल्हे रस्त्यापासून आत आहे. (तालुक्याचे नाव आता राजगड झाले, पण तोंडात अजून वेल्हेच बसलेय.) विंझरची शाळा साडेतीन किलोमीटर. पायी जायचे तर पाऊण तास जातो, पावसाळ्यात तासही. धाकटी आठवीत गेली तेव्हा घरात बोलणे निघाले की एकटी पोर रोज एवढी चालणार कशी? आजीचे म्हणणे सरळ होते, "सातवी झाली की, लई झालं." आमच्या मंडळींनी त्यावर काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोठ्यातली सायकल बाहेर काढली आणि पोरीला म्हणाल्या, "तू शिक, मी बी शिकते. तू पडलीस तर मी उचलीन, मी पडले तर तू."

चाळिशीची बाई सायकल शिकते म्हटल्यावर वाडीला करमणूक झाली. पोरे पार खळ्यापर्यंत मागे पळायची. आजी ओट्यावरून ओरडायच्या, "अगं, कंबार्डं मोडलं म्हंजी भात कोन लावनार?" हा प्रश्न काही अगदीच गैरलागू नव्हता. खाचरात वाकायचे दिवस तोंडावर आले होते.

आपण लहानपणी नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत शिकलो. मोठ्या माणसाला ते जमत नाही, आणि साडीत तर मुळीच नाही. इथे एका जाणत्याने चांगली युक्ती सांगितली. दोन्ही पायडले काढून टाकायची. पंधरा नंबरचा पाना लागतो, आणि डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवायचे, नाहीतर जोर लावून आटेच जातील. मग सीट इतकी खाली घ्यायची की बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर पुरते टेकावेत. थोड्या उताराच्या जागी पायांनी ढकलत जायचे, पाय उचलायचे, पुन्हा टेकायचे. तोल ज्या बाजूला जातो त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचे. मन उलटे सांगते, पण सायकल सावरते ती अशीच. नजर चाकावर नको, पुढे दहा-पंधरा पावलांवर हवी. असे पाय उचलून वीस-पंचवीस हात सरळ जाता आले की पायडले परत बसवायची. मागे धरून पळायला कोणी लागत नाही. त्या धरणाऱ्याच्या भरवशावरच माणूस पडतो, हे आमचे मत.

पोरगी चार दिवसांत शिकली. मंडळींना सोळा लागले. ढोपर फुटले, दोन बांगड्या गेल्या. चेनमध्ये पदर अडकू नये म्हणून चेनकव्हर बसवून घेतले. ज्यांना साडीवर चालवायची त्यांनी आधी तेवढे करावे, बाकी मडगार्ड वाजत असले तरी चालते.

असा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर झाला तो तामिळनाडूत पुदुकोट्टै जिल्ह्यात. 1991 मध्ये तिथे साक्षरता मोहीम निघाली. शीलाराणी चुंकत नावाच्या कलेक्टर बाई होत्या. अक्षरओळखीबरोबर त्यांनी सायकलही धरली. शेतमजूर, दगडखाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीच्या, अशा लाखभर बाया सायकल शिकल्या. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा त्यांनी जेंट्स घेतल्या, आणि पुढे कित्येकींना त्याच आवडल्या, कारण मधल्या नळीवर लेकरू बसवता येते! पाणी आणणे, माल बाजाराला नेणे, पोराला शाळेत सोडणे, सगळे एका फेरीत होऊ लागले.

बापलेकींच्याही गोष्टी आहेत. ठाण्याची दहा वर्षांची सई पाटील वडिलांबरोबर काश्मीरकडून सायकलवर निघाली आणि 38 दिवसांत, जानेवारी 2022 मध्ये, कन्याकुमारीला पोचली. त्याआधी मे 2020 च्या टाळेबंदीत बिहारच्या ज्योतीकुमारीने जखमी बापाला मागे बसवून गुरुग्रामहून दरभंग्याला नेले, सुमारे बाराशे किलोमीटर. लोकांनी तिची वाहवा केली. आम्हाला मात्र ती बातमी वाचताना वाहवा सुचली नाही. पंधरा वर्षांच्या पोरीवर ती पाळी यावीच का, हेच डोक्यात राहिले. पहिलीची सफर हौसेची होती आणि दुसरीची गळ्याशी आलेली, म्हणून दोन्ही एका मापाने मोजू नयेत.

आमच्या घरचे एवढे मोठे काही नाही. जूनपासून मायलेकी बरोबर निघतात. पोरीसाठी जुन्यातली एक सायकल वेगळी घेतली. मंडळी तिला शाळेपर्यंत सोडून बचत गटाचे नाहीतर बँकेचे काम उरकून परत येतात. पाऊण तासाची वाट वीस मिनिटांवर आली. वाडीतल्या आणखी तिघी आता संध्याकाळी खळ्यावर असतात, त्यांतल्या एकीची सून तिच्याबरोबर शिकते. आजी ओरडत नाहीत. परवा त्यांनीच विचारले, "मागं बसून मार्गासनीपातूर यायला जमंल का गं?"

एक गोष्ट मात्र काळजीची. पावसात रिमवर पाणी असले की ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा उतारावर आधीच वेग कमी करावा, हे पोरांना बजावून सांगा. आणि गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या येतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, बाहेर झुकलेला ऊस, संध्याकाळचा अंधुक उजेड. त्याच वेळी शाळा सुटते. वाहतूकदार सभासदांना आमची हात जोडून विनंती आहे, ट्रॉलीच्या मागे लाल आणि दोन्ही बाजूंना पिवळे रिफ्लेक्टर लावा, ऊस बेताने भरा आणि टेपचा आवाज इतका ठेवा की मागची घंटी ऐकू येईल. सायकलवाल्यांनीही मागच्या मडगार्डला रिफ्लेक्टर लावावा, दिवा नसेल तर अंधारात निघूच नये. आमच्या दोन्ही सायकलींना तो लावून झाला आहे. पंपाचा वॉशर तेवढा गेलाय, तो येत्या बाजारी नसरापूरहून आणायला मंडळीच जाणार आहेत.