पोपटाच्या तोंडून जंगलाचे गाऱ्हाणे

‘दिल्ली सफारी’ हा हिंदी अ‍ॅनिमेशनपट १९ ऑक्टोबर २०१२ रोजी प्रदर्शित झाला, पुण्यातील क्रेयॉन पिक्चर्स या संस्थेत तो घडला आणि २०१२ सालचा सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. ‘कल हो ना हो’सारख्या चित्रपटामुळे माहीत असलेले निखिल अडवाणी हे त्याचे दिग्दर्शक असून निर्मात्यांत अनुपमा पाटील आणि किशोर पाटील यांची नावे आहेत. करण जोहरचा ‘स्टुडंट ऑफ द इयर’ त्याच शुक्रवारी पडद्यावर आला होता, तेव्हा तिकीटबारीवर काय झाले असेल याचा अंदाज वाचकाला बांधता येईल. तथापि बिबट्या, डोंगरावर चढणारे जेसीबी आणि सरकारदरबारी खेटे घालणारी माणसे ज्या मुळशी तालुक्याच्या रोजच्या बोलण्यात आहेत, तेथील घरांनी मुलांना घेऊन पाहावा असा भारतीय चित्रपट शोधायचा झाल्यास हेच नाव प्रथम सुचते. ज्यांनी तो अद्याप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याची ओळख करून देताना मुंबईच्या जंगलातून निघून मुळशीच्या धरणाकाठी यावे लागते, कारण चित्रपटातील प्रश्न तेथे फार पूर्वी विचारला गेला होता.

कथा साधी आहे. मुंबईच्या कुशीत एक जंगल आहे. ते पाहताना बोरिवलीचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आठवल्यावाचून राहत नाही. त्या जंगलात सुलतान आणि बेगम हे बिबट्याचे जोडपे आपल्या युवी नावाच्या बछड्यासह राहते. बांधकामासाठी जंगल साफ करायला माणसे येतात आणि सुलतान मारला जातो. उरलेले प्राणी एकत्र जमतात तेव्हा त्यांच्यात दोन तट पडतात. बजरंगी या माकडाला माणसांशी दोन हात करायचे असतात, तर बग्गा या अस्वलाचा स्वभाव शांततेचा आहे. अखेर असे ठरते की दिल्लीला जाऊन थेट संसदेपुढे उभे राहायचे आणि माणूस हाच सर्वांत धोकादायक प्राणी का झाला, जंगल उरले नाही तर माणूस तरी उरेल का, असे प्रश्न विचारायचे. अडचण एवढीच की माणसांची भाषा त्यांच्यापैकी कोणालाच येत नाही. ती येते ॲलेक्स नावाच्या एका पाळीव पोपटाला, जो शहरातील घरात सुखाने राहतो आणि ज्याला जंगलाशी काडीचेही देणेघेणे नाही. प्राणी त्याला चक्क पळवून आणतात आणि प्रवास सुरू होतो.

चित्रपटाचे खरे मर्म या पोपटापाशी आहे. वरवर पाहता युवी हा नायक वाटतो, कारण त्याचे वडील गेलेले असतात आणि मुलांची सहानुभूती त्याच्याकडे वळते. परंतु युवी आरंभापासून शेवटपर्यंत जसा निर्मळ तसाच राहतो, बदलतो तो पोपट. जो सत्तेची भाषा बोलतो तो गाऱ्हाण्यातला नसतो आणि ज्याचे गाऱ्हाणे आहे त्याला सत्तेची भाषा येत नाही, हा पेच चित्रपटाने एका विनोदी पात्रात बसवला आहे. कचेरीत अर्ज लिहून देणारा, कोर्टात बाजू मांडणारा, वर्तमानपत्रात बातमी छापून आणणारा असा कोणी मध्यस्थ गाठल्याशिवाय ज्यांचे काम पुढे सरकत नाही, त्यांना या पोपटाची गरज समजावून सांगावी लागत नाही. मध्यस्थ पदरचे काही गमावल्याखेरीज मनापासून बोलत नाही, हेही त्यांना ठाऊक असते. अक्षय खन्ना यांनी ॲलेक्सला दिलेला आवाज तक्रारखोर, सुखवस्तू आणि किंचित घाबरट आहे आणि ती निवड अचूक ठरली आहे. बजरंगीला गोविंदा, बग्गाला बोमन इराणी, बेगमला ऊर्मिला मातोंडकर आणि सुलतानला सुनील शेट्टी यांचे आवाज लाभले आहेत, तर युवीसाठी स्विनी खारा या मुलीचा आवाज वापरला आहे. कोवळ्या नरपात्राला स्त्रीचा किंवा मुलीचा आवाज देण्याची पद्धत अ‍ॅनिमेशनमध्ये जगभर रूढ असून या चित्रपटाच्या इंग्रजी आवृत्तीतही युवीसाठी टारा स्ट्राँग या अभिनेत्रीचाच आवाज आहे.

प्राण्यांनी राजापुढे उभे राहून गाऱ्हाणे मांडण्याची कल्पना मात्र परकी नाही. जातककथांमध्ये, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींमध्ये, न्यग्रोधमृगाची कथा आहे. तीत वाराणसीच्या राजाच्या स्वयंपाकघरासाठी कळपातील एकेक हरीण चिठ्ठी टाकून पाठवले जाते. पाळी एका गाभण हरिणीवर येते तेव्हा मृगराज तिच्या जागी स्वतः जातो, राजा विरघळतो आणि सर्व प्राण्यांना अभय देतो. भारतीय अ‍ॅनिमेशनच्या इतिहासात या कथेला विशेष स्थान आहे. फिल्म्स डिव्हिजन या केंद्र सरकारच्या माहितीपट संस्थेने मुंबईत व्यंगपट विभाग सुरू केला, डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ च्या सुमारास तेथे भारतीय चित्रकारांना शिकवण्यासाठी आले आणि त्या शिकवणीतून तयार झालेला ‘बनियन डिअर’ हा लघुपट याच न्यग्रोधमृगाच्या कथेवर होता. राजदरबाराच्या जागी संसद आली आणि मृगराजाच्या जागी पोपट, एवढाच फरक ‘दिल्ली सफारी’त दिसतो, पण तो फरक लहान नव्हे, कारण मृगराज स्वतःचा प्राण पणाला लावून बोलतो आणि पोपट आरंभी केवळ पळवून आणला म्हणून सोबत असतो. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या हलवून दाखवल्या होत्या आणि १९३३ मध्ये कोल्हापुरातून पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने पुढच्याच वर्षी ‘जंबुकाका’ हा कोल्ह्यावरील अ‍ॅनिमेशन लघुपट काढला होता.

क्रेयॉनने वापरलेले तंत्र मात्र अगदी निराळे आहे. त्रिमित संगणकीय अ‍ॅनिमेशनमध्ये कागदावर एकामागून एक चित्रे काढली जात नाहीत. संगणकात पात्राचा सर्व बाजूंनी पाहता येणारा आकार घडवला जातो आणि त्या आकाराला हालचाल दिली जाते. आधी प्रत्येक प्रसंग लहान चौकटींत रेखाटतात, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. नंतर पात्रांची मॉडेल तयार होतात. मग प्रत्येक मॉडेलच्या आत सांधे असलेला सांगाडा बसवतात, ज्याला रिगिंग हे नाव आहे, आणि त्या सांध्यांना वळवत अ‍ॅनिमेटर पात्राला चालवतो, पळवतो, रडवतो. शेवटी प्रकाश, सावली, कातडी आणि केस यांचा हिशेब करून संगणक एकेक चौकट तयार करतो, ती क्रिया म्हणजे रेंडरिंग. सेकंदाला २४ चौकटी या प्रचलित वेगाने दीड तासाच्या चित्रपटात १,२९,६०० चौकटी भरतात. ‘दिल्ली सफारी’ स्टिरिओस्कोपिक पद्धतीचा, म्हणजे चष्मा लावून खोली अनुभवता येईल असा चित्रपट आहे. तीत डाव्या व उजव्या डोळ्यासाठी किंचित वेगळ्या कोनातून स्वतंत्र चित्र द्यावे लागते, त्यामुळे हा आकडा दुप्पट होतो. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंजवळ असते तेवढे पैसे आणि संगणक हाताशी नसताना पुण्यात हे काम झाले, हे लक्षात ठेवले तर काही दृश्यांत गवत किंवा गर्दी थोडी विरळ का वाटते याचा उलगडा होतो.

पोपटाच्या बाबतीत अ‍ॅनिमेटरपुढे एक खास अडचण असते, ती पडद्यावर मुद्दाम न्याहाळण्यासारखी आहे. बोलणाऱ्या पात्राचे तोंड आवाजाबरोबर हलले पाहिजे, याला लिपसिंक म्हणतात आणि सर्वसाधारण पद्धत अशी की आवाज आधी ध्वनिमुद्रित करून चित्र त्यावर बेततात. माकडाच्या किंवा अस्वलाच्या तोंडाला ओठ देता येतात, तेव्हा प, ब, म यांसारख्या ओष्ठ्य वर्णांच्या उच्चाराला ओठ मिटवले की काम भागते. पोपटाला ओठच नाहीत. चोच उघडायची आणि मिटायची एवढेच तिला जमते. म्हणून त्याच्या बोलण्याचा भार मानेची झटक, भुवईच्या जागची हालचाल आणि पंखांचे हातवारे यांवर येऊन पडतो. ॲलेक्स एवढे हातवारे का करतो, असे ज्या प्रेक्षकाला वाटेल त्याने कारण चोचीत शोधावे.

या चित्रपटाचे काम चालू होते त्या काळात मुळशी आणि त्याला लागून असलेल्या खोऱ्यांमध्ये काय घडत होते हे पाहिले तर कथेला आपोआप दुसरा अर्थ येतो. हिंजवडीच्या शेतजमिनींवर माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले होते, मोसे खोऱ्यातील लवासा या डोंगरावरील शहराचे काम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये थांबवायला लावले होते आणि चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतरच्या वर्षी, २०१३ मध्ये, ताम्हिणी घाटातील जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. शेकरू, म्हणजे झाडावर घरटे बांधणारी मोठी खार आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी, त्या जंगलात आढळते. बिबट्याचा वावर तर तालुक्यात नवा नाही. मावळच्या डोंगरांवर वाघजाईची ठाणी आहेत आणि वाघाला भिऊन का होईना, पण त्याला आपल्या जगात जागा देण्याची रीत त्या ठाण्यांतून दिसते. चित्रपटातील बिल्डर अशा कोणत्याही रीतीबाहेरचा माणूस आहे.

परंतु मुळशीचा सर्वांत जवळचा संबंध १९२१ शी आहे. निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे न्यायचे आणि मुंबईला वीज पुरवायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. तीत सुमारे पन्नास गावांच्या जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली आणि विनायकराव भुस्कुटे यांनी त्यांच्या बरोबरीने लढा चालवला. राजकीय अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याला जगातील पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे. चित्रपटातील बजरंगी आणि बग्गा यांचा वाद येथे खऱ्या माणसांमध्ये झालेला दिसतो: आरंभी सत्याग्रही कामावर जाऊन बसत आणि मार खात, पण अहिंसेचा मार्ग अपुरा पडतो असे वाटून बापटांनी १९२४ च्या अखेरीस कंपनीच्या कामावरची रेल्वेगाडी सशस्त्र अडवली आणि त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा भोगायला गेले. सावकार व जमीनदार एकीकडे आणि प्रत्यक्ष कसणारी कुळे दुसरीकडे, अशी फूटही लढ्यात पडली, कारण जमिनीचा मोबदला ज्यांच्या हाती पडणार होता त्यांचे गाऱ्हाणे आणि ज्यांच्या पायाखालची जमीन जाणार होती त्यांचे गाऱ्हाणे एक नव्हते. धरण झाले, गावे गेली.

हा इतिहास मनात ठेवून पाहिले की चित्रपटातील सर्वांत मोठी उणीवही लक्षात येते. त्यात जंगल म्हणजे फक्त प्राणी आणि माणूस म्हणजे फक्त शहर. बोरिवलीच्या जंगलात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, मुळशीच्या रानात धनगरांची वस्ती आहे. जंगलात राहणारा, बिबट्याशी जुळवून घेतलेला असा माणूस या कथेत नाही. तो असता तर पोपटाचे काम अधिक अवघड झाले असते आणि चित्रपट अधिक खरा. याच विषयावरील जपानी चित्रपट ‘पोम पोको’ हा इसाओ ताकाहाता यांनी १९९४ मध्ये जिबली स्टुडिओसाठी केला. टोकियोजवळच्या तामा टेकड्यांवर नवे शहर वसवले जाते तेव्हा रूप पालटू शकणारे तानुकी, म्हणजे कुत्र्याच्या कुळातील एक जपानी वन्यप्राणी, त्या बांधकामाला विरोध करतात, अशी ती कथा आहे. ताकाहाता यांनी पराभवही दाखवला आणि प्राण्यांनी नाइलाजाने माणसांत मिसळून जगणेही दाखवले. ‘दिल्ली सफारी’चा कल दिलासा देण्याकडे आहे. तिचा शेवट येथे सांगत नाही, पण दिल्लीत एका भाषणाने प्रश्न सुटू शकतो, हा विश्वास बालपटाला शोभतो आणि जाणत्या प्रेक्षकाला थोडा खटकतो, एवढे म्हणता येईल.

मधल्या प्रवासात विनोदासाठी आणलेली काही पात्रे आणि काही गाणी कथेची गती अडवतात. शंकर-एहसान-लॉय यांचे संगीत असूनही गाणी चित्रपटाबाहेर फारशी गुणगुणली जात नाहीत. ‘मादागास्कर’ या २००५ च्या अमेरिकी चित्रपटाची छाया प्राण्यांच्या टोळीवर आणि तिच्या थट्टामस्करीवर पडली आहे, पण तेथील प्राणी प्राणिसंग्रहालयातून जंगलाकडे जातात आणि येथले जंगलातून राजधानीकडे, हा उलटा प्रवास कथेला तिची स्वतःची दिशा देतो.

लहान मुलांना चित्रपट दाखवणाऱ्या घरांनी दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. पहिली भाषेची: इंग्रजी आवृत्तीत केरी एल्वेस, क्रिस्टोफर लॉईड, जेसन अलेक्झांडर असे नामवंत आवाज आहेत, पण बजरंगीचा हिंदी ठसका आणि ॲलेक्सची शहरी कुरकुर यांची गोडी हिंदीतच आहे, तेव्हा हिंदी समजणाऱ्या मुलांना तीच आवृत्ती दाखवावी. दुसरी वयाची: सुलतानचा मृत्यू कथेत लवकर येतो आणि तो बछड्याच्या नजरेतून दाखवलेला असल्यामुळे पाच वर्षांखालील मुले घाबरू शकतात, त्या वेळी शेजारी मोठे माणूस असावे आणि नंतर काय झाले हे विचारले गेल्यास खरे तेच सांगावे. सात-आठ वर्षांपुढील मुलांना ते दृश्य समजते आणि पुढचा प्रवास ती त्या आधारावरच पाहतात. दीड तास एका जागी न बसणाऱ्या मुलांसाठी पोपट टोळीत सामील झाल्यानंतर मध्यंतर घेतले तरी कथेचा धागा तुटत नाही.