गिलाव्याचा दर: भिंत सारखीच, खर्च वेगळा का?

हैदराबादमधल्या चिक्कडपल्लीच्या आतल्या गल्ल्यांत जुनी घरं आणि नवे मजले एकमेकांना खेटून उभे आहेत. अशा ठिकाणी पहिलंच स्वतंत्र काम मिळालेला गवंडी सारख्या आकाराच्या दोन भिंतींना एकच दर सांगतो आणि एकीवर पदरचे पैसे घालून बसतो. असं का होतं?

शंभर चौरस फुटांवर 12 मिलिमीटर जाडीचा, एकास चार प्रमाणाचा गिलावा करायला, विटांमधल्या सांध्यांची भर आणि सांडलवंड धरून, सिमेंटची साधारण एक गोणी आणि पाच घनफूट वाळू लागते. भिंत ओळंब्यात नसेल, तर खड्डे भरता भरता सरासरी जाडी 20 मिलिमीटरवर जाते. क्षेत्रफळ तेच, माल मात्र दीडपटीहून जास्त. शिवाय जाड थर स्वतःच्या वजनाने घसरतो, म्हणून तो दोनदा लावावा लागतो, मजुरीही वाढते. दर सांगण्याआधी भिंतीवर दोरी ताणून पाहणं हे माझ्या मते नवशिक्याचं सर्वांत फायद्याचं काम.

खिडक्यांचा हिशेब वेगळाच. भारतीय मानकानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करत नाहीत. गिऱ्हाइकाला हे खटकतं, पण तिच्या कडा आणि कोपरे धारेत आणायला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो आणि त्याचे वेगळे पैसे धरलेले नसतात.

परांची कोणाची आणि निदान सात दिवस पाणी कोण मारणार, हेही आधीच बोलून घ्यावं. पाणी कमी पडलं की सिमेंटची रासायनिक क्रिया अर्धवट राहते, गिलावा तडकतो आणि दुरुस्ती गवंड्याच्याच गळ्यात पडते.