खेळांच्या अभ्यासपरिषदेस निबंध पाठविताना

खेळ या विषयाला वाहिलेल्या परिषदेस भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने निबंध पाठवावा असे सुचविले, तर ‘तो आमचा विषय नव्हे’ असे उत्तर बहुधा मिळते. हा समज निराधार आहे. या अभ्यासशाखेत आद्य मानला जाणारा ‘होमो लुडेन्स’ हा ग्रंथ (१९३८) लिहिणारे योहान हायझिंगा मूळचे संस्कृतचे अभ्यासक होते. त्यांचा १८९७ मधील प्रबंध भारतीय नाटकातील विदूषकावर होता. उक्त ग्रंथाचे दुसरे प्रकरण त्यांनी निरनिराळ्या भाषांतील खेळवाचक शब्दांनाच दिले असून ‘क्रीड्’ व ‘दिव्’ हे धातू आणि ‘लीला’ हा शब्द त्यात चर्चिले आहेत. म्हणजे या घरात भाषाविज्ञान पाहुणे म्हणून जात नाही.

अडचण वेगळीच आहे. आपल्याकडून जाणारे सारांश बहुधा खेळाचे वर्णन करतात. प्रश्न विचारीत नाहीत.

प्रथम परिषदेच्या निवडीविषयी थोडे. सर्व परिषदांची प्रकृती एक नसते. पटावरील खेळांच्या अभ्यासकांचा मेळावा १९९५ मध्ये लायडन येथे प्रथम भरला. तेथे इतिहास, पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रह यांना मान आहे. अंकीय खेळांच्या अभ्यासकांची ‘डिग्रा’ ही संस्था असून तिची पहिली परिषद २००३ मध्ये युट्रेख्टला झाली. तेथे संगणकावरील खेळ केंद्रस्थानी असतात. मुलांचे खेळ, लोकाचार, शिक्षण यांकडे कल असलेली संस्था हवी असल्यास अमेरिकेत मानवशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ प्ले’ पाहावी. आवाहनपत्र नीट वाचल्याशिवाय एक ओळही लिहू नये. पूर्ण निबंध मागविला आहे की विस्तृत सारांश, हे तर विशेषच पाहावे, कारण परिषदेच्या संग्रहात पूर्ण छापून आलेला मजकूर अनेक नियतकालिके पुन्हा स्वीकारीत नाहीत.

आता मूळ मुद्दा. समजा, विटीदांडूवर लिहावयाचे आहे. माझ्यासमोर येणारा सारांश साधारणपणे असा असतो: हा प्राचीन देशी खेळ आहे, तो असा खेळतात, आज तो लोप पावत आहे, त्याचे जतन व्हावयास हवे. यातील प्रत्येक विधानाशी परीक्षक सहमत होईल आणि निबंध नाकारील. सहमतीपलीकडे करण्यासारखे त्यात त्याला काहीच मिळत नाही.

त्याच खेळातील मोजणी घ्या. वकट, लेंड, मुंड, नाल ही गणना आपणांपैकी पुष्कळांना पाठ असेल; प्रदेशपरत्वे रूपे थोडी बदलतात. ही मराठी संख्यानामे नव्हेत हे उघड आहे. ती द्राविडी आहेत एवढे सांगून थांबणारेही पुष्कळ. परंतु कन्नड की तेलुगू? कन्नडातील ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु आणि तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु शेजारी शेजारी ठेवावीत. ‘नाल’वरून निर्णय होत नाही, तो दोहोंकडे जाऊ शकतो. ‘वकट’ आणि ‘लेंड’ मात्र तेलुगूकडेच बोट दाखवितात, आणि ‘मुंड’मधील डकारही त्याच बाजूचा. येथे प्रश्न जन्मास येतो: घरात, बाजारात आणि शाळेत मराठीतच मोजणाऱ्या मुलांनी खेळापुरती परकी संख्यानामे का राखली? खेळ तिकडून आला, की केवळ मोजणी आली, की खेळातील गणना नेहमीच्या गणनेपासून वेगळी ठेवण्याची काही गरज असते? असा सारांश परीक्षक शेवटपर्यंत वाचतो.

मात्र उत्तर देताना हात आखडता घ्यावा. उत्तर इंग्लंडमधील मेंढपाळांच्या ‘यान, तान, टेथेरा’ या मोजणीचे वेल्श भाषेशी साम्य दिसताच ती प्राचीन केल्टिक बोलीचा अवशेष होय असे ठरविले गेले. पुढे त्या मतावर आक्षेप आले व वाद मिटलेला नाही. शब्दांचे साम्य सिद्ध होणे आणि समाजाचा इतिहास सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी अडचण खुद्द ‘खेळ’ या शब्दाची. इंग्रजीत ‘प्ले’ आणि ‘गेम’ असे दोन शब्द असून परिषदांतील निम्मे वाद त्यांच्या सीमेवर चालतात. मराठीत दोहोंना एकच शब्द. शिवाय नाटकाचा खेळ, शिमग्यातले खेळे, आणि अंगात आलेले वारेही खेळतेच. ‘क्रीडा’ म्हणावे, तर त्या शब्दाला आज स्पर्धेचा व पदकांचा वास येतो. फ्रेंचचीही स्थिती काहीशी अशीच. रोजे काय्वा यांनी १९५८ च्या ग्रंथात मुक्त बागडणे आणि नियमबद्ध खेळ या दोन टोकांना ‘पाइदिया’ व ‘लुडुस’ अशी ग्रीक-लॅटिन नावे दिली. तेव्हा आपण कोणत्या अर्थाने लिहीत आहोत हे सारांशात एका वाक्यात सांगून टाकावे. काय्वांचे वर्गीकरण मात्र शिक्क्यासारखे वापरू नये. फुगडी ही त्यांच्या ‘इलिंक्स’ म्हणजे भोवळीच्या वर्गात चपखल बसते, हे खरे. पण बसते एवढे सांगणे म्हणजे संशोधन नव्हे. फुगडीतील उखाण्यांचे काय, हे तो वर्ग सांगत नाही.

परीक्षण निनावी असल्यास ‘आमच्या विभागाने पूर्वी दाखविल्याप्रमाणे’ यांसारखी वाक्ये काढावीत. सामग्री मुलांकडून घेतली असल्यास पालकांची संमती कशी घेतली ते लिहावे. याची टाळाटाळ आपल्याकडे फार होते.

उरला प्रश्न मूळ शब्दांचा. ते गाळू नयेत. रोमन लिपीत चिन्हांसह द्यावेत (ळकार आणि लकार एकच झाले तर आपणच आपला पुरावा पुसतो), मग शब्दशः अर्थ, मग खेळातील कार्य. पकडापकडीत ज्याच्यावर ‘राज्य’ येते त्याला इंग्रजीत ‘इट’ म्हणतात, म्हणून तोच प्रतिशब्द ठेवून पुढे जाणाऱ्या विद्यार्थ्याने हातची संधी घालविली असे मी समजतो. इंग्रजी मूल त्या गड्याला एक निर्जीव सर्वनाम देते. मराठी मूल त्याला राज्य देते आणि ते राज्य शक्य तितक्या लवकर दुसऱ्याच्या गळ्यात घालावयाचे असते. लहानग्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळात घेतात, परंतु त्याच्यावर राज्य येत नाही. या दोन शब्दांवरच एक सारांश होईल, आणि त्यासाठी गावोगाव हिंडण्याचीही आवश्यकता नाही; वसतिगृहामागील मैदानावर संध्याकाळी उभे राहिले तरी पुरे.