घोडीच्या गर्भाचा अभ्यासक

घोडी गाभण राहिली की साधारण चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास तिच्या गर्भाशयाच्या अस्तरावर एक विलक्षण रचना दिसू लागते. फिकट रंगाच्या, काठ उचललेल्या लहानमोठ्या वाट्या गर्भाभोवती कडं करून बसतात. वाट्यांच्या खळग्यांत मधासारखा चिकट स्राव साचतो आणि त्या स्रावात एक संप्रेरक ठासून भरलेलं असतं. गाभण घोडीच्या रक्तातलं हे संप्रेरक कोल आणि हार्ट या संशोधकांनी १९३० साली कॅलिफोर्नियात ओळखलं. पुढे गायी-मेंढ्या माजावर आणण्यासाठी त्याची इंजेक्शनं देशोदेशी वापरात आली. वाट्या मात्र घोडीच्याच पेशींच्या, असा समज कायम होता.

तो समज खोडून काढणाऱ्या माणसाचं नाव विल्यम रिचर्ड ॲलन. घोड्यांच्या दुनियेत सगळे त्यांना ‘ट्विंक’ म्हणूनच ओळखत. १९४० साली न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या ॲलन यांनी सिडनीत पशुवैद्यकाची पदवी घेतली आणि पुढच्या संशोधनासाठी केंब्रिज गाठलं. प्रबंधाला त्यांनी हेच संप्रेरक निवडलं आणि मूर या सहकाऱ्यासोबत १९७२ साली त्याचा उगम दाखवून दिला. गर्भाच्या बाहेरच्या आवरणावर एक फिकट पट्टा तयार होतो. छत्तिसाव्या ते अडतिसाव्या दिवसाच्या सुमारास त्यातल्या पेशी सुट्या होतात आणि आईच्या अस्तरात घुसून तिथेच ठाण मांडतात. वाट्या त्यांच्याच. म्हणजे संप्रेरक आईच्या रक्तात मिळत असलं, तरी ते तयार करतो गर्भ.

याचं महत्त्व घोडीच्या अंडाशयात पाहिलं की कळतं. गर्भ टिकायचा तर प्रोजेस्टेरॉन लागतं आणि सुरुवातीला ते अंडाशयातल्या पीतपिंडातून येतं. वाट्यांच्या संप्रेरकामुळे जादा पीतपिंड तयार होतात आणि वार स्वतः प्रोजेस्टेरॉन पुरवू लागेपर्यंतची नड भागते. पण या पेशींत निम्मा वारसा बापाचा असतो, म्हणून आईचं शरीर त्यांना परकं समजतं. पांढऱ्या पेशी वाट्यांना वेढा घालतात आणि चौथा महिना संपेपर्यंत त्यांचा फडशा पाडतात. तोवर वाट्यांचं काम झालेलं असतं आणि गर्भाला धक्का लागत नाही.

या ज्ञानाचा तबेल्यातला उपयोगही मोठा. वाट्या तयार झाल्यानंतर गर्भ गेला, तरी त्या संप्रेरक सोडतच राहतात. अशी घोडी रक्ततपासणीत गाभण दिसते आणि बहुधा त्या हंगामात पुन्हा नीट माजावर येत नाही. पैदासकाराचं सबंध वर्ष वाया जातं. म्हणून जुळे गर्भ असतील तर त्यांतला एक काढण्याचा निर्णय या वाट्या तयार होण्याआधी घ्यावा लागतो. शर्यतीच्या थरोब्रेड जातीच्या घोडीत जुळं ही आनंदाची बातमी नसते. दोन गर्भांना पुरेल एवढी वार एका गर्भाशयात मावत नाही आणि बहुतेकदा दोन्ही दगावतात.

ॲलन यांचं पुढचं काम या एका शोधातून फुटत गेलं. रोसन या संशोधकासोबत प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य वापरून घोडीचं माजचक्र कसं हाताळता येईल, हे त्यांनी दाखवलं. भ्रूण एका मादीतून काढून दुसरीत ठेवण्याचं तंत्र त्यांनी घोड्यात रुजवलं. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर घोड्याचे भ्रूण सशाच्या बीजवाहिनीत ठेवून केंब्रिजहून पोलंडला नेले होते. ससा हीच त्यांची जिवंत पेटी!

मग त्यांनी घोडीच्या पोटात गाढवाचा भ्रूण ठेवला. वाट्या तयार झाल्याच नाहीत आणि बहुतेक घोड्यांनी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गर्भ टाकला. खेचराचा गर्भ असलेल्या घोडीत वाट्या होतात, पण लहान आणि लवकर झडणाऱ्या. गर्भ कोणाचा, यावर सारं ठरत होतं. झेब्र्याचा आणि प्रझेवाल्स्कीच्या रानघोड्याचा भ्रूण मात्र पाळीव घोडीने वाढवला. त्या यशाचा अहवाल १९८७ साली आला आणि दुर्मिळ जातींसाठी नवी वाट दिसली. थरोब्रेडचा भ्रूण लहानखुऱ्या पोनीत आणि पोनीचा थरोब्रेडमध्ये ठेवून त्यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. शिंगराचा आकार केवळ आईबापाच्या वंशावर नाही, तर ज्या गर्भाशयात ते वाढतं, तिथे वारेला मिळणाऱ्या जागेवरही ठरतो.

न्यूमार्केट हे इंग्लंडच्या शर्यतींचं माहेरघर. तिथल्या अश्वप्रजनन केंद्राचे ते संचालक होते आणि केंब्रिज विद्यापीठात अश्वप्रजननाचे पहिले प्राध्यापक. केंद्राला पैसा पैदासकारांचा होता. त्यांना शिंगरं हवी होती आणि ॲलन यांना उत्तरं. दोन्ही मिळाली. उंट आणि हत्तीच्या प्रजननाचाही त्यांनी अभ्यास केला. दुबईत १९९८ साली उंट आणि लामा यांचा पहिला संकर जन्मला, त्या संशोधनातही ते सहभागी होते. २०२१ साली त्यांचं निधन झालं.

या कामाचे धागे आपल्याकडेही पोचतात. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने घोडी गाभण आहे का हे तपासण्यासाठी याच संप्रेरकावर आधारलेली चाचणी विकसित केली. त्या केंद्राच्या बिकानेर शाखेत २०२३ साली भ्रूण प्रत्यारोपणातून ‘राज-प्रथमा’ ही मारवाडी शिंगी जन्मली. महाराष्ट्राच्या भीमथडी घोड्याला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. अशा देशी जातीत चांगल्या घोडीची संतती वाढवायची, तर हेच तंत्र उपयोगी पडेल. कारण घोडी अकरा महिने वाहते आणि एका वेताला एकच शिंगरू देते. निसर्गाच्या गतीने संख्या वाढायला पिढ्या जातात.

गर्भाभोवतीच्या वाट्या कोणाच्या, या प्रश्नात १९७२ साली कुठल्याच पैदासकाराला नफा दिसला नसता. तो प्रश्न धरून ठेवणाऱ्या माणसामुळे पुढे जुळ्यांचं निदान कधी करायचं, गर्भ गेल्यावर घोडीकडून काय अपेक्षा ठेवायची आणि परक्या जातीचा गर्भ का टिकत नाही, हे सारं समजू लागलं. शुद्ध कुतूहलाला पैसा, तबेला आणि वेळ द्यायला हवा, तो यासाठी. आपल्या पशुवैद्यक महाविद्यालयांनी आणि सरकारने भीमथडीबाबत हा धीर दाखवला, तर त्याचं फळ पुढच्या पिढीच्या घोड्यांत दिसेल.